वायर कपाटात असताना

९ नोव्हेंबर १९९८, सिल्वासा

आज सकाळी अंघोळ केली, जप आटोपला आणि राखोलीची बस पकडली. पन्नाशीला टेकल्यावर नवी नोकरी, तीही कॉम्प्युटरवर! आमच्या गावच्या शाळेत टाईपरायटरसुद्धा कुणी पाहिला नव्हता.

कारखाना रंगांचा. मॅनेजर भावेशशेठ हसरा माणूस. त्यांनी सगळं समजावलं. ईमेल फोनच्या लाइनवर येते-जाते आणि बिल एसटीडीचं लागतं, म्हणून जोडायची वायर त्यांच्या केबिनच्या कपाटात. संध्याकाळी ते ती आणतात, आलेली पत्रं उतरवून घेतात, वायर पुन्हा कपाटात. मग मी लाइनशिवाय निवांत वाचायचं, उत्तरं लिहायची. ती आउटबॉक्समध्ये पडून राहतात, दुसऱ्या संध्याकाळी जातात. मला ही पद्धत आवडली. लिहिलेलं लगेच जात नाही, विचार बदलता येतो.

खोली काचेची आहे. एसीमुळे खिडक्या कायमच्या बंद. भावेशशेठ जेवायला जाताना मला आत ठेवून दाराला बाहेरून कुलूप लावतात. म्हणाले, काका, बुरा मत मानो, मशीन महागाचं आहे.

१२ नोव्हेंबर

डबा मंजुळाबाईंकडून येतो. धुळ्याकडच्या आहेत. त्यांची मुलगी मालती माझ्याच खुर्चीवर बसायची. श्रावणात प्लांटमध्ये गॅस सुटला, ती या खोलीत गुदमरली. भावेशशेठ म्हणतात, तिचं हृदयच कमजोर होतं. मंजुळाबाई डबा देताना रोज एकच विचारतात: भाऊ, माझ्या पोरीनं कोणाले तरी हाक मारली असंल ना?

मी डबा घेऊन आत येतो.

भावेशशेठचाही डबा त्यांचाच. आज त्यांना म्हणत होते, मावशी, मीठ कुठे विसरल्या, प्रेमात पडल्या की काय! त्या खाली बघून हसल्या.

१८ नोव्हेंबर

मी दोन उत्तरं लिहून ठेवली होती. आउटबॉक्समध्ये तीन दिसली. तिसरं मुंबई ऑफिसला, इंग्रजी अक्षरांत मराठी: ‘सिल्वासाला फोन करा. दाराला कुलूप आहे. वास येतोय. मालती.’

संध्याकाळी वायर जोडल्यावर माझी दोन गेली. ते तिथेच राहिलं. भावेशशेठनी पुढे होऊन पुसून टाकलं. व्हायरस आहे, म्हणाले. हसले नाहीत.

२१ नोव्हेंबर

पत्र पुन्हा आलं आहे. तारीख आजची.

मी भावेशशेठना सरळ विचारलं, त्या दिवशी किल्ली कुठे होती? त्यांनी खिसा चाचपला. मग सांगितलं: भोंगा झाला, सगळे गेटकडे पळाले, तेही पळाले, किल्ली खिशातच. आणि वर मलाच विचारलं: परत कोण जाणार काका? तुम्ही गेला असता?

म्हणजे पोरीनं हाक मारली होती. लिहून ठेवलेली, न गेलेली.

२५ नोव्हेंबर

आता मालतीचं पत्र आलेल्या पत्रांत. वायर कपाटात असताना.

‘काका, आईला सांगा.’

मी पुसलं. नोकरी जाईल. शिवाय न्याय करणं देवाचं काम, माझं नव्हे. मान वर केली तर तीच ओळ परत. खोलीत ब्लीचिंगसारखा वास. प्लांट आज बंद आहे.

२७ नोव्हेंबर

गेटवर भावेशशेठ मंजुळाबाईंना सर्वांदेखत म्हणाला, मालती असती तर डबा गरम तरी मिळाला असता. आणि हात पुढे केला डब्यासाठी. त्या माउलीनं दिला.

इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

परत आलो तर पडद्यावर — ‘त्याला आत बसवा.’

३० नोव्हेंबर

मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो. कीबोर्डच्या कळा आपोआप दबत होत्या. त्याला — आत — त्याला — आत —

घसा जळतो. जपाला बसलो तर नाव आठवेना. तिचंच तोंडात येतं.

१ डिसेंबर

मंजुळाबाईंना सगळं सांगितलं. कुलूप, किल्ली, पत्र. रडल्या नाहीत. म्हणाल्या, म्हणजे मारली होती हाक. मग एवढंच विचारलं, तो उद्या येईल ना जेवायच्या सुट्टीच्या आधी?

२ डिसेंबर

कुलूप लावायला आला तेव्हा त्याला म्हटलं, मुंबईच्या शेठचं पत्र आहे, तुम्हीच वाचा. बसला. मी बाहेर आलो. किल्ली दारालाच होती. फिरवली.

आधी हसला. काका, मस्करी बस. मग काचेवर थापा. मी बाकावर बसून लिहितोय. सगळे जेवायला गेलेत. भोंगा नाही, प्लांट शांत — पण आत पिवळट धूर. फक्त आत. त्याच्या खुर्चीमागे कुणीतरी उभं —

थापा थांबल्या. आता टाईप करतोय. भराभर. कुणाला लिहितोय? वायर तर —

अजून उघडता येईल. माझ्या हातात आहे.

मंजुळाबाई आल्या. काचेतून पाहिलं. हात पुढे केला.

मी किल्ली त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती पदराच्या गाठीत बांधली.