कोरियाचा निकाल

दोहा, १९ जानेवारी २०११

सत्यशीलाताई,
तुला आणि बाबांना सप्रेम जयभीम.

काल कोरियाने आपल्याला चार-एकने हरवलं. मी मैदानातच, पत्रकार कक्षात होतो, म्हणून खात्रीने लिहितो. सत्तावीस वर्षांनी फुटबॉलच्या आशिया चषकात आलो आणि तिन्ही सामने हरलो. मी बरा आहे. जेवण चांगलं मिळतं, भाकर तेवढी नाही. कापसाचा दुसरा वेचा झाला का?

काल रात्री तू फोनवरूनच बाबांना निकाल सांगितलास, तेव्हा मागून त्यांचा आवाज आला. "कायले खोटं सांगून राह्यली? कोरियाले आपन हरवलं, दोन-एक!"

ताई, तो बासष्ट सालच्या जाकार्ता एशियाडचा अंतिम सामना. तेव्हा बाबा जिनिंग कारखान्यासमोरच्या कापसाच्या गाड्या हलवायला लावून पोरांना फुटबॉल खेळवायचे. त्यांनी फोन घेतला तेव्हा मी म्हटलं, "बाबा, मी धम्मरत्न." ते म्हणाले, "तो तं शायेत गेला." त्यांच्या लेखी मी अजून शाळेतच आहे.

रविवारच्या पुरवणीत संघाचा इतिहास लिहितोय: एक्कावन्नचं सुवर्ण, छप्पनला ऑलिंपिकमध्ये चौथे, बासष्टचं सुवर्ण, मग घसरण. तू त्यांना बासष्टपर्यंतच वाचून दाखव. त्यांच्या गोळ्या चुकवू नकोस. तूही वेळेवर जेव.

इथला अंतिम सामना आटोपला की निघतो. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात घाटंजीला पोहोचेन. बाबा मला ओळखणार नाहीत, असं धरूनच येतोय. त्यांनी "कोन पाह्यजे?" विचारलं, तर तू मध्ये बोलू नकोस. मी पाहुणा म्हणून त्यांच्या खाटेजवळ बसेन.

तुझा धाकटा,
धम्मरत्न