फाटकासह माझ्या मिळकतीची व्यवस्था

मी, वामन गोविंदराव रेवतकर, वय एक्क्याऐंशी वर्षे, जिल्हा न्यायालयातून निवृत्त झालेला भाषांतरकार, राहणार कोपऱ्याचा भूखंड, सुयोग ले-आउट, बेसा, नागपूर, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघ्यांविषयी तसे म्हणता येणार नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. लाज आहे, परंतु लाज हा कायद्याच्या दृष्टीने दबाव नव्हे, अशी माझी समजूत आहे.

यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र याद्वारे रद्द करतो. त्यात भाषेचा एकही दोष नव्हता. तरीही रद्द करतो.

कलम पहिले. राहते घर माझा मुलगा ऋषिकेश व मुलगी अपेक्षा यांना समसमान मिळावे. ऋषिकेशला हे रुचणार नाही. म्हातारपणी आपण वडिलांना सांभाळले, असे तो म्हणेल. ते खरे आहे; तो माझ्या घरात राहिला, मी त्याच्या घरात नव्हे, हेही तितकेच खरे आहे. अपेक्षा अमरावतीहून दर आठवड्याला फोन करते आणि मी तिचे वाक्य मध्येच सुधारतो तरी फोन ठेवत नाही. तिच्या सहनशीलतेची दखल घेतली गेली पाहिजे.

तळमजल्यावरील पुढची खोली मात्र दर रविवारी सकाळी माझ्या घरी भरणाऱ्या चर्चासभेसाठी उघडी ठेवावी. सभेला येणारे लोक उरले नाहीत, तर ही अट आपोआप संपेल.

कलम दुसरे. नरखेड तालुक्यातील संत्र्यांची बाग माझ्या दिवंगत भावाचा मुलगा अंकुश यास द्यावी. मी तीस वर्षे तेथे केवळ फळे खाण्यास व सल्ला देण्यास गेलो. विहिरीवरचा पंप बिघडला की रात्री चिखलात तो उभा राहिला. याबाबत माझ्या मुलांनी वाद घालू नये.

कलम तिसरे. बँकेतील ठेवी दोन्ही मुलांनी वाटून घ्याव्यात. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

कलम चौथे. शब्दकोश अपेक्षाला. संविधानाची प्रत आणि कायद्याची पुस्तके पुढच्या खोलीतच ठेवावीत. सभेची पितळी घंटा शेजारी जितेंद्र बनाईत यांस द्यावी. समोरच्याचे बोलणे पुरे होण्याआधी ते उत्तर देऊ लागत आणि मला ही घंटा वाजवावी लागे. आता त्यांनी ती स्वतःसाठी वाजवावी. माझ्या मनात त्यांच्याविषयी राग नाही, असे लिहिणे खोटेपणाचे होईल.

कलम पाचवे. हे कलम मिळकतीविषयी नाही. तरी ते वगळल्यास पुढील कलमे कोणास समजणार नाहीत.

निवृत्तीनंतर सकाळी फिरायला जात असता मी बागेतल्या बाकांवर सरकारविषयी चाललेली भांडणे ऐकत असे. कोणी कायदा वाचलेला नसे. मोबाइलवर आलेला मजकूर हाच पुरावा आणि आवाज हाच युक्तिवाद. मला ते असह्य झाले, म्हणून मी माझ्या घरी रविवारची सभा सुरू केली. नियम दोनच होते. पहिला : ज्या विषयावर बोलायचे, त्याचा मूळ कागद आधी वाचावा. दुसरा : प्रत्येकाने चिठ्ठी उचलावी आणि जी बाजू येईल तीच मांडावी, मग ती आपली असो वा नसो. विरोधकाचे म्हणणे त्याच्याहून चांगले मांडता येत नसेल, तर त्यास विरोध करण्याचा आपणास अधिकार नाही, असे मी सांगत असे. माहितीचा अधिकार, पोलिसांचे अटकेचे अधिकार, झाडे तोडण्याची परवानगी, सभाबंदीचे आदेश अशा विषयांवर आम्ही बोललो. कोणी कोणास अरे-तुरे केले नाही. याचा मला फार अभिमान होता.

आमच्या ले-आउट वसाहतीच्या पलीकडे पंचशील नगर ही वस्ती आहे. तेथील दीक्षा गजभिये विद्यार्थिनी असल्यापासून सभेला येत असे. पुढे ती रुग्णालयात परिचारिका झाली. माझ्या मते सभेत तिच्याइतका नीट वाचून येणारा दुसरा कोणी नव्हता. गेल्या वर्षी ले-आउटच्या समितीने वसाहतीच्या रस्त्यावर लोखंडी फाटक बसवण्याचा प्रस्ताव आणला. वस्तीतील माणसे बसथांब्याकडे याच रस्त्याने जातात. समितीचा सचिव माझा मुलगा. मी हा विषय सभेत घेतला, कारण न्याय्य चर्चा माझ्या घरात होते, असे मी मानत होतो.

चिठ्ठ्या उचलल्या. दीक्षाला फाटकाच्या समर्थनाची बाजू आली आणि ऋषिकेशला विरोधाची.

ती उठून म्हणाली, “सर, आज मले माह्याच बाजूनं बोलू द्या. हा माह्यासाठी खेळ नाही.”

मी म्हणालो की नियम सर्वांना सारखा आहे. एवढ्यावर थांबलो असतो तरी बरे. ‘माझ्यासाठी’ असे म्हणावे, हेही मी तिला सुचवले.

तिने नियम पाळला. घरात एकट्या असणाऱ्या बाईची भीती, रस्त्यावर खेळणारी मुले, झालेल्या चोऱ्या, सारे तिने मांडले. जी बाजू तिच्या घराचा रस्ता बंद करणार होती, ती तिने आमच्यापैकी कोणाहूनही चांगली मांडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. ऋषिकेशने विरोधाची बाजू चार वाक्यांत उरकली आणि खाली बसला. मग त्याने हात वर करून मत घेण्याची सूचना केली. सभेत कधी मतदान होत नसे. मी होऊ दिले. फाटक मंजूर झाले. समितीने आपल्या इतिवृत्तात नोंदवले की वस्तीतील रहिवासी कु. दीक्षा गजभिये यांनीही फाटकाचे जोरदार समर्थन केले. पुढे तिने तक्रार केली, तेव्हा तिला हेच वाक्य दाखवण्यात आले.

त्यानंतर ती सभेला आली नाही. मी मनात म्हणालो, ड्युटी बदलली असेल.

कलम सहावे. फाटकावरील पाटीवर रंगाऱ्याने प्रथम हिंदी-मराठीची खिचडी लिहिली होती. मी ती पुसावयास लावून “बाहेरील व्यक्तींस अनुमतीविना प्रवेश नाही” असा निर्दोष मजकूर दिला. त्या दिवशी घरी येऊन मी समाधानाने चहा घेतला. फाटक रात्रभर कुलूपबंद राही, दिवसा चौकीदार वस्तीतील माणसांना नाव विचारी, आणि माझे वाक्य त्यांच्या डोक्यावर असे.

ले-आउटचा मंजूर नकाशा मी या वर्षी वाचला. रस्ता सार्वजनिक आहे. आयुष्यभर न्यायालयाचे कागद भाषांतरित करणाऱ्या मला हा एक कागद चर्चेपूर्वी मागवावा, असे सुचले नाही. सभेचा पहिला नियम मीच मोडला, आणि दुसरा अशा व्यक्तीवर लादला जिला तिचा रस्ता वाचवायचा होता. आमच्यापैकी कोणास काही गमवायचे नव्हते. सभ्यता आम्हाला स्वस्तात पडली.

कलम सातवे. *रद्द.* येथे जे लिहिले होते, ते का खोडले, हे सांगणे माझे कर्तव्य आहे.

फाटकाचा उजवा खांब माझ्या भूखंडाच्या हद्दीत आहे. रस्त्याची रुंदी कमी होऊ नये म्हणून समितीने तशी विनंती केली आणि मी तोंडी होकार दिला. म्हणून या कलमात मी असे लिहिले होते की माझ्या मृत्यूनंतर ही परवानगी संपुष्टात येईल आणि खांबाखालची जागा कु. दीक्षा गजभिये हिच्या मालकीची होईल. कलम मला फार सुबक वाटले. ते वाचून दाखवण्यास मी स्वतः पंचशील नगरात गेलो.

तिने ते शेवटपर्यंत ऐकले. मग विचारले, “म्हणजे तुम्ही मेल्यावर मले रस्ता भेटन काय, सर? मले तं उद्याच पहाटी ड्युटीवर जाचं हाय.”

तिचे वडील धोंडबा दारातल्या खाटेवर बसून मोसंबी निवडत होते. त्यांनी मला पाणी दिले, बसण्यास सांगितले. पोरीचे बोलणे मनावर घेऊ नका, असे ते म्हणाले. नंतर माझ्याकडे नीट निरखून पाहत म्हणाले, “पण तब्येत तं तुमची ठणठणीत दिसून राहिली जी.”

त्यात विनोद होता. पण मला हसता आले नाही. मी मुलाशी भांडण टाळण्यासाठी माझा मृत्यू मध्ये घातला होता. ज्याला आपण इच्छा म्हणतो, ते पुष्कळदा पुढे ढकललेले धैर्य असते.

दुसऱ्या दिवशी मी समितीस लेखी कळवले की माझी परवानगी मागे घेतली आहे आणि दिलेल्या मुदतीत खांब काढून घ्यावा. मुदत संपल्यावर मी वेल्डर बोलावून खांब कापायला लावला. ऋषिकेश धावत आला. “बाबा, काहून असं करून राहिले तुम्ही? कमिटीत मले तोंड दाखवाले जागा ठेवली नाही.” मी त्यास सांगितले की रविवारी ये आणि आपली बाजू बोल, चिठ्ठी नाही. तो गेले दोन आठवडे माझ्याशी बोलत नाही. शेजारीही बोलत नाहीत. अपवाद जितेंद्ररावांचा, त्यांनी मला मध्ये एकदाही न थांबता बरेच काही ऐकवले. समितीस फाटक पुन्हा हवे असल्यास तिने मंजूर नकाशा घेऊन योग्य त्या कार्यालयात जावे आणि वस्तीतील माणसांना बोलावून त्यांच्यासमोर बोलावे.

कलम आठवे. सभेचा दुसरा नियम यापुढे असा असावा : ज्याचे त्या विषयात काही जाणार आहे, त्याने प्रथम बोलावे, स्वतःच्या बाजूने बोलावे, आणि ज्या भाषेत तो घरी बोलतो त्या भाषेत बोलावे. चिठ्ठ्या उरलेल्यांनी उचलाव्यात. अध्यक्षाने बोलणाऱ्याची वाक्ये दुरुस्त करू नयेत. हे शेवटचे पाळणे मला कठीण जाईल. म्हणून मी आजपासून अध्यक्षपद सोडले आहे व खोलीत मागे बसतो.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी अपेक्षाने करावी. माझ्या तेराव्याला भाषणे ठेवू नयेत.

कलम सातवे खोडल्यामुळे कु. दीक्षा गजभिये हिला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. त्यामुळे ती यास साक्षीदार राहू शकते. मी तिला तशी विनंती केली. खांब निघेपर्यंत तिने होकार दिला नाही.

वर लिहिलेले सर्व मी वाचले, समजले आणि पुढील दोघींच्या समोर त्याखाली सही केली.

वामन गोविंदराव रेवतकर
बेसा, नागपूर, दिनांक १६ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार पहिली : डॉ. करिष्मा वानखेडे, बेसा. मृत्युपत्रकर्ते सही करताना पूर्ण शुद्धीत होते. रक्तदाब थोडा वाढलेला होता.

साक्षीदार दुसरी : दीक्षा धोंडबा गजभिये, परिचारिका, पंचशील नगर, बेसा. सरांनी माझ्यासमोर सही केली. मी सगळी पानं वाचली. मी सभेला परत येईन, असं यात कुठंच लिहिलेलं नाही, ते पाहूनच सही केली.