बासरीच्या आधीचा तुकडा

बाबा, तुमच्या कॅसेटमध्ये एक तुकडा नाहीये. आज सकाळी कळलं, आणि दुपार उलटली तरी माझं डोकं ठिकाणावर नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी सहावीत होतो. तेव्हापासून आजपर्यंत मी छातीठोकपणे सांगत आलो की मला दुसरं काही येवो न येवो, ते गाणं अथपासून इतिपर्यंत पाठ आहे. पाठ कसलं? मला मधलं माहीतच नव्हतं.

तुमचे दोस्त चाचा, त्यांनी मस्कतहून तुमच्यासाठी आणलेली ती कॅसेट. कुठल्याशा इंग्रज बँडचा पन्नासेक वर्षांपूर्वीचा कार्यक्रम, भरलेल्या हॉलमधला, टाळ्याशिट्ट्यांसकट. एकच गाणं अख्खी बाजू खातं. मिरकरवाडा बंदरातल्या आपल्या वर्कशॉपात ट्रॉलरचं इंजिन उघडून पडलंय, बाहेर मासळीच्या लिलावाचा गलका चाललाय, आणि तुम्ही तेलकट करंगळीने बटण दाबताय. आधी ऑर्गन काहीतरी विचारतो, गिटार उलटून बोलते. तुम्ही म्हणताय, "बघ, आपल्या जाखडीसारखं. एक पार्टी सवाल टाकते, दुसरी फोडते." मी टाळी धरायला जातो आणि दर वेळी हुकतो. "अरे, तो सात मोजतोय आणि तू आठ. थांबतोस कशाला उगाच?" मग बाकावर पान्याने तुम्ही सात मोजून दाखवता. हळूहळू सगळे एकमेकांच्या अंगावर चढतात, ड्रम, ऑर्गन, गिटार, गाणाऱ्याची किंकाळी, वर्कशॉपचे पत्रे थरथरतात, आणि आता काहीतरी फुटणार असं वाटतं तेवढ्यात टक् असा बारीक आवाज येतो आणि बासरी सुरू होते. एकटी. भाट्याच्या किनाऱ्याला ओहोटी लागल्यावर ओल्या वाळूवर कुणी नसतं ना, तशी.

त्या जागी माझ्या अंगावर काटा यायचा. मला वाटायचं, राग असाच असतो. टोकाला जायचं आणि पुढच्या क्षणी बासरी. तुम्ही तसेच तर होतात. पाना भिरकावायचात आणि तो खाली पडायच्या आत "चल, सोडा पाजतो" म्हणायचात. एकदा मी विचारलं होतं, "बाबा, ते टक् काय वाजतं?" तुमचा चेहराच बदलला. "गप. हातातलं काम बघ." त्या दिवशी सोडा नव्हता. मी समजलो, ड्रमवाल्याची काहीतरी खास करामत असेल, मला कळण्यातली नाही.

आता आजचं सांगतो, पण त्याआधी माझं एक सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला संदर्भ लागणार नाही. देवरूखला कॉलेजात एक मुलगी आहे. माझा जीव आहे तिच्यावर. कॅन्टीनमध्ये एक जण तिच्याबद्दल घाणेरडं काही बोलला, मी त्याला बाकावरून ओढून हाणला. प्राचार्य माफी माग म्हणाले. मी ओळखपत्र टेबलावर फेकलं आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर बाहेर पडलो. मला वाटलं, ती धावत येईल. ती आली, पण काय म्हणाली माहितीये? "मी सांगितलं होतं तुला मारायला? मला विचारलंस? आता महिनाभर फोन करू नकोस, येऊ नकोस. मला विचार करायचाय. काय ते मी सांगेन." महिनाभर! मला दोन दिवस काढवले नाहीत. कालच चाचांना सांगितलं, तर ते जाळ्याच्या ढिगावर बसून हसले. "बापसाचा मुलगा ना तू? तुझा बापूस देवरूखला पेट्रोल भरून गेला आणि येताना तुझ्या आईला भरून घेऊन आला. तिसऱ्या दिवशी! आणि तू फोनकडे बघत बसलायस मेल्या?"

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय. आई रुसून माहेरी गेली, तुम्ही तिसऱ्या दिवशी मोटारसायकल काढलीत, तिच्या अंगणात उभे राहिलात, आणि ती मागे बसून आली. मला याहून मोठं प्रेम माहीत नव्हतं. आज सकाळी तुमच्याच गाडीची टाकी फुल केली. निघायच्या आधी जोर यावा म्हणून फोनवर ते गाणं शोधलं, कारण कॅसेटचा डेक कधीच बंद पडलाय. ओटीवर मोठ्याने लावलं. सवाल, जवाब, सात मात्रा, किंकाळी, सगळं बरोबर. आता टक्, आता बासरी.

आणि काहीच नाही.

ऑर्गन घुसमटून बंदच पडला. एकेक जण वाजवायचा थांबला. मला वाटलं फोन अडकला, म्हणून अंगठ्याने गाणं पुढे ढकललं. तर स्वयंपाकघरातून आई ओरडली, "पुढे का नेलंस? मागे घे. तो भाग वाजू दे."

आईला हे गाणं म्हणजे डोकेदुखी, हेच मला माहीत. ती हात पुसत बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसली. मी मागे घेतलं. बाबा, तिथे कुणीच वाजवत नाही. गाणारा काहीतरी पुटपुटतो, लोक हसतात, मग गप्प होतात. कुणी तार जुळवतंय. ड्रमवाला ड्रमच्या काठावर बोटभर आवाजात सात धरून आहे, एवढंच. हॉलमध्ये माणसं खोकतात. एवढे हजारभर लोक नुसते थांबलेत आणि कुणी उठून जात नाही. रेकॉर्ड काढताना ते कापून टाकता आलं असतं, त्यांनी ठेवलं. आणि त्या थांबण्यातून, कुणी बोलावल्याशिवाय, बासरी येते. ती वेगळीच लागते हो. आपण ऐकायचो ती ही नव्हेच.

"माणसं खोकतात ते मला आवडायचं," आई म्हणाली. "तेवढाच भाग आवडायचा."

"मग बाबांच्या कॅसेटवर का नाही?"

"मी माहेरी जाते म्हटलं तेव्हा हेच लागलं होतं. ह्यांनी तशीच खेचून काढली बाहेर. पट्टी तुटली. चुरगळलेला तुकडा फेकला तो बाहेरच्या माडाला अडकून किती दिवस चमकत होता. मग माझंच नेलपॉलिश घेऊन दोन टोकं चिकटवली."

मी म्हटलं, "पण तुला आणायला आले ना! तिसऱ्या दिवशी!"

ती म्हणाली, "मी सांगून गेले होते, महिनाभर येऊ नका म्हणून. मला विचार करायचा होता, ह्या माणसाजवळ राहायचं की नाही. हे आले आणि अंगणात हॉर्न वाजवत बसले. वाडी जमली. माझे वडील म्हणाले, जा बाय, शोभा नको. बसले मागे. काय करणार होते? वाईट नव्हते रे ते. जीव लावायचे. पण माझा विचार करायचा राहिला, तो राहिलाच."

आणि उठून आत गेली. भात लागत होता.

बाबा, मी तुमच्यावर ओरडणार होतो या कागदावर. ओरडता येत नाहीये. तुम्ही चिकटवलंत ते इतकं बेमालूम की मी त्यावर वाढलो. त्या जोडाचं टक् तुम्हाला रोज ऐकू येत असणार, सोड्याची बाटली फोडतानाही. कधीतरी एकदा सांगायचं होतंत मला.

गाडी अंगणात उभी आहे, टाकी भरलेली. किल्ली आईच्या मिसळणाच्या डब्यात ठेवली, हळदीच्या वाटीशेजारी, म्हणजे घ्यायची झाली तर तिच्यासमोर घ्यावी लागेल. चाचांनी दोनदा मिस्ड कॉल दिला. हा कागद पान्यांच्या पेटीत सगळ्यात खाली सरकवीन, तेल लागलं तर लागू दे.

सकाळी आई बोलत होती म्हणून तो तुकडा निभावला. त्यानंतर एकट्याने कितीदा लावला, पण खोकणारी माणसं आली की माझा अंगठा आपोआप पुढे सरकतो. अजून एकदाही मला बासरीपर्यंत थांबता आलेलं नाही.