गोणी पत्रानंतर उघडावी

ती. येसूआत्यास,

पोशीरहून साईनाथचा वाकून नमस्कार. इकडे सगळं बरं आहे. भात झोडून घरात आलं, तुझ्या सुनेचा खोकला गेला, आणि माझा रक्तदाब डॉक्टर म्हणतात तसा आहे, म्हणजे मी म्हणतो तसा नाही. तुझा गुडघा कसा आहे? तेल नुसतं फडताळात ठेवून गुडघा बरा होत नाही, ते लावावं लागतं.

आमच्या गावचा नवीन टेंपोने भाजी घेऊन खालापूरला येतोय. त्याच्या हाती हे पत्र आणि एक गोणी पाठवली आहे. आधी पत्र वाच, गोणी नंतर. (गोणी हलली तर घाबरू नकोस.) फोन करणार होतो, पण फोनवर तू रडायला लागतेस आणि मग मी खोटं बोलतो. परवा तेच झालं. तू म्हणालीस, "साई, माझा बोका गेला रं," आणि मी म्हणालो, येईल गं, बोके असेच भटकतात. त्याच दमात तू सांगितलंस की बोक्याच्या जागी कान कापलेली एक मरतुकडी भाटी मांजर दारात येऊन बसते आणि तू तिला झाडूने हाणतेस. तेव्हापासून मला जेवण जात नाही. कारण काय ते आता सांगतो, पण जरा मागून सांगावं लागेल.

कळंबच्या ज्या रिसॉर्टवर मी स्टोअर सांभाळतो, तिथे तांदळाच्या गोण्यांमागे एक मांजरी राहायची. मी तिला मणी म्हणायचो. (मला मांजरांचं काही कौतुक नाही, हे तुला माहीत आहे. हाक मारायला काहीतरी लागतं म्हणून.) शनिवार-रविवारी गावोगावचे पाहुणे येतात आणि प्रत्येकाची मांजराशी वागायची रीत निराळी. एका गुजराती कुटुंबाने तिला साखर घालून दूध पाजलं. तिने ते पिऊन नंतर माझ्याकडून सुकट वसूल केली. मुंबईच्या एका ताईंना तिचा इतका कळवळा आला की त्यांनी माणसं बोलावून तिला पिंजऱ्यातून दवाखान्यात नेलं, आता पिल्लं होणार नाहीत असं ऑपरेशन केलं आणि खूण म्हणून डाव्या कानाचं टोक कापून परत आणून सोडलं. इतक्या प्रेमाने कान कापलेला मी पहिल्यांदाच पाहिला. आणि इस्तंबूलची एक बाई आली होती, ती तर पायरीवर तिच्या शेजारी मांडी घालून बसली. मांजर कोणाचं, असं तिने विचारलं. मी म्हटलं, कोणाचंच नाही. त्यावर ती खुशीत म्हणाली, म्हणजे सगळ्यांचं. त्यांच्या शहरात तसंच असतं म्हणे, दुकानदार गिऱ्हाइकाआधी मांजराला बसायला जागा देतात. आपल्याकडे कोणाचंच नाही म्हणजे कोणाचंच नाही, हे मला इंग्रजीत सांगता आलं नाही.

पुढे एक पाहुणे सकाळी जागे झाले तर मणी त्यांच्या छातीवर. त्यांनी आरडाओरडा केला आणि मालकांनी मला सांगितलं, मांजर हटवा. आता आपल्याकडे मांजर मारत नाहीत (मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, ते कुणाला परवडणार), पण गोणीत घालून सोडतात. गोणी धरून स्वतःभोवती गिरक्या घ्यायच्या म्हणजे आतल्या मांजराला दिशा कळत नाही, आणि नदीपलीकडे सोडायचं म्हणजे ते परत येत नाही. गिरक्यांनी मांजराचं काय झालं ठाऊक नाही, मला मात्र भिंत धरून उभं राहावं लागलं. मग टेंपोत बसून खालापूर गाठलं. मागे एकदा मी "सहज आलो" म्हणून तुझ्याकडे चहा प्यायलो, आठवतं? आत्या, मी सहज आलो नव्हतो. ती मरतुकडी भाटी मणी आहे. तुझ्या परसात कायम बोंबील भाजल्याचा वास असतो, तिथे ती उपाशी मरणार नाही असं वाटलं.

मग इस्तंबूलच्या बाईचा निरोप आला, मी परत येतेय, आणि ती मांजरी मला भेटायला हवीच. ज्या मालकांनी हटवा म्हटलं होतं, तेच म्हणाले, आणा. मी तीच गोणी घेऊन संध्याकाळचा तुझ्या शेवग्यामागे दबा धरून बसलो. (घरात आलो नाही, तू जेवायला थांबवलं असतंस.) अंधुक उजेडात एक पट्टेरी मांजर आलं. मी हाताने चाचपून पाहिलं, डावा कान तुटका. खात्री झाली, गोणीत घातलं. बोक्यांचे कान मारामारीत तुटतात, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी बाई आल्या, मालकांनी हौसेने मांजर पुढे केलं, आणि त्याने शेपटी वर करून त्यांच्या बॅगेवर धार सोडली. मणीने असलं कधी केलं नाही, आणि हा तर बोका आहे, हे स्वयंपाकघरात काम करणाऱ्या आवडीने मोठ्याने हसून सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. पण निघताना त्यांनी विचारलं, मणीला कुठे नेलं, आणि मी त्यांची बॅग पुन्हा पुसायला घेतली.

मोठ्यांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
साईनाथ

ता. क. गोणीत तुझा बोका आहे. भोकं पाडली आहेत, पण पत्र एवढं लांबवायला नको होतं. दार लावून सोड.

दुसरं ता. क. नवीन तासाभराने परत निघेल. त्याच गोणीत मणीला घालून दे. गिरक्या घेऊ नकोस.

तिसरं ता. क. मालकांना ती आता नकोच आहे, आणि बाई तर गेल्या. तेव्हा रिसॉर्टवर नाही, पोशीरला आमच्या घरी पाठव. नवीनने विचारलं कोणाचं मांजर, तर साईनाथचं म्हणून सांग.