मित्राची पीएच.डी.

बालाघाट
११ ऑगस्ट २००३

ती. दादास,
तुझ्या बहिणीचा, मित्राचा सप्रेम जयभीम, वि. वि.

इकडे तिघंही बरी आहोत. आईचे गुडघे तसेच. बाबांची उजवी बाजू अजून हलत नाही. बोलणं म्हणजे ‘पाणी’ आणि ‘नाही’, त्यातही ‘नाही’ जास्त. किरनापूरच्या शाळेत ज्यांचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा, ते हेच का, असं वाटतं.

कॉलेजात तोंडी सांगितलंय की पीएच.डी. नसलेल्या तात्पुरत्या लोकांना पुढल्या वर्षी ठेवणार नाहीत. माझे जबलपूरचे गाइड रिटायर होऊन मुलाकडे गेले. नव्या गाइड बाई मला घ्यायला तयार आहेत, पण म्हणतात, पाच-सहा महिने इथे येऊन बसा, हजेरीशिवाय सही करणार नाही. ते कसं जमणार? म्हणून दुसरा रस्ता शोधतेय. अमेरिकेतली काही विद्यापीठं इंटरनेटवरून डॉक्टरेट देतात. काली पुतली चौकातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन बघते. पान निम्मं उघडतं तोच लाइट जाते. आई म्हणते, अमेरिकेची डिग्री अन् बालाघाटची लाइट, कसं जमन बाई. तुझं मत कळव. वहिनींना जयभीम, पोरांना पापा.

तुझी लोभातली,
मित्रा

नागपूर
२० ऑगस्ट २००३

चि. मित्रास अनेक आशीर्वाद,

पत्र पोचलं. तू खूप धावपळ करून राहिली आहेस, जरा दमानं घे. मी नऊ वर्षं घासून पीएच.डी. केली, तेव्हा इंटरनेट नव्हतं म्हणून वाचलो असं म्हणायचं का?

या डिग्रीचं इथे काय होतं, ते आधी बघ. आमच्या कॉलेजातल्या एका जोशीबाईंनी अशीच परदेशी डॉक्टरेट आणली. समकक्षतेचा कागद मिळाला नाही, आता नावापुढे ‘डॉ.’ फक्त लग्नपत्रिकेत लावतात. आपल्याकडे थिसिस आणि व्हायवा, एवढंच बघतात. ते क्रेडिट-बिडिट काय असतं, ते मला नीट लिही. आणि जबलपूरचा विचार सोडू नकोस. खरी गोष्ट तीच.

बाबांची काळजी घे. दिवाळीला येण्याचा प्रयत्न करतो.

तुझा,
दादा

बालाघाट
७ सप्टेंबर २००३

ती. दादास सप्रेम जयभीम, वि. वि.

क्रेडिट म्हणजे साधारण असं : एक विषय एक सत्र शिकला की तीन क्रेडिट. विद्यापीठानं ठरवलेले क्रेडिट जमवले की डॉक्टरेटची पात्रता. एक विद्यापीठ एम.ए.नंतर साठ मागतं, पण दोन उन्हाळे तिकडे जाऊन राहायचं. मग ते ऑनलाइन कसलं? दुसरं नव्वद मागतं. एम.ए.चे तीस त्यातून वजा करतं, वर थिसिस लिहायचा. हे मला बरं वाटलं होतं. पण दर सत्राला गाइड बदलतात. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीच्या वसाहतीत आजूबाजूच्या गावांतून कामाला येणाऱ्या बायका कशा जगतात, हा माझा विषय दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून कोण समजावणार?

तिसरं सगळ्यात स्वस्तात सोडतं. अठ्ठेचाळीस क्रेडिट, त्यातले बहुतेक आयुष्याच्या अनुभवापोटी माफ. त्यांनी विचारलं, घरात दीर्घकाळ आजाऱ्याची सेवा केली आहे का. मी हो लिहिलं. त्याचे सहा क्रेडिट धरले.

दादा, हे फसवं आहे हे मलाही कळतं. पण ते वाचलं आणि मी तिथंच बसून राहिले. बाबांना उठवणं, पुसणं, भरवणं, हे काम आहे असं इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणी म्हणालं. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. वर्गात शिकवतानाही मन त्या पानावर जातं.

लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.
मित्रा

नागपूर
१६ सप्टेंबर २००३

चि. मित्रास आशीर्वाद,

तुझं पत्र स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. सेवेचे सहा क्रेडिट ऐकून सगळे पोट धरून हसले. तसं असेल तर आपल्या आईला कधीच डी.लिट. द्यायला हवी होती.

चेष्टा बाजूला. त्या तिसऱ्याच्या नादी लागू नकोस. नव्वदवालं खरं असेलही, पण ते संपेपर्यंत तुझी नोकरी जाईल. पुन्हा सांगतो, जबलपूरला जा. हजेरी दे, थिसिस पूर्ण कर. मनावर घेतलं की सगळं होतं.

तुझा,
दादा

बालाघाट
२ ऑक्टोबर २००३

दादास जयभीम.

हसलात, बरं झालं. आता पुढचं ऐक.

मी त्या तिसऱ्यांना ई-मेलनं विचारलं, माझी प्रकरणं कोण वाचणार? उत्तर आलं की थिसिसची गरज नाही. हवाच असेल तर विषयाप्रमाणे तयार सारांश ते पुरवतील. दुकानातून घरी येईपर्यंत मला सत्यभामा आठवत होती. ती वसाहतीत तीन घरची भांडी करते. मी तिच्या गावी गेले होते तेव्हा दिवसाचं काम बुडवून बोलत बसली. निघताना विचारलं होतं, “लिहिशीन ना वो बाई आमचं?” मी हौ म्हटलं होतं. ते कोणी वाचणारच नसेल, तर तिचा दिवस मी कशाला घेतला? तो नाद मी सोडला. नव्वदवाल्यांनाही नकार कळवला.

आता राहिलं जबलपूर. तू दोन्ही पत्रांत लिहिलंस, जबलपूरला जा. बाबांना कुशीवर कोण वळवेल, हे एकदाही विचारलं नाहीस. आईच्यानं ते उचलले जात नाहीत. रात्री दोनदा तरी वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. तू मुलगा आहेस, नोकरीवर आहेस, संसारी आहेस. मी घरी आहे. एवढं गृहीत धरून तू मला खरी गोष्ट सांगतोस. कोणत्याही विद्यापीठानं मला इतकं सहज माफ केलेलं नाही, जितकं आपण सगळ्यांनी तुला केलंय.

तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवत नाही. ते तुझी वाट पाहतात.

मित्रा

नागपूर
१७ ऑक्टोबर २००३

चि. मित्रास आशीर्वाद,

उशीर झाला. उत्तर म्हणून दोन-तीन पत्रं लिहिली आणि फाडली. त्या सगळ्या पत्रांत मीच शहाणा दिसत होतो.

म्हणून रजेचा अर्ज दिला. जानेवारीपासून अर्धपगारी, सत्र संपेपर्यंत, पुढे उन्हाळ्याची सुटी. प्राचार्यांनी विचारलं, वडिलांसाठी बहीण आहे ना घरी? मी म्हटलं, ती जबलपूरला चालली. असं बोलून टाकलं, तेव्हा माझं मलाच कळलं की ठरलं.

तुझ्या वहिनीनं दोन दिवस धुसफूस केली. मग म्हणाली, पोरांचं मी पाहते, पण तिथे जाऊन आईंच्या हातचं खात बसू नका. बाबांना नागपूरला आणावं असं मनात आलं होतं. पण त्यांना त्यांच्या खिडकीपासून हलवणं बरं नाही, हे तूच मागे लिहिलं होतंस. तेव्हा मीच येतो. दिवाळीत येऊन सगळं तुझ्याकडून शिकून जाईन. गाइडबाईंना कळवून टाक, तुझ्या कॉलेजातही रजा माग.

तुझा,
दादा

बालाघाट
८ फेब्रुवारी २००४

चि. मित्रास आशीर्वाद,

होस्टेलची खोली मिळाली हे वाचून आईला बरं वाटलं. गाइडबाईंनी पहिलं प्रकरण परत केलं म्हणून एवढी घाबरून जाऊ नकोस. वाचलं म्हणूनच परत केलं ना.

इकडचं खरं सांगतो. पहिले आठ दिवस मी चिडचिड केली. भात भरवताना अर्धा सांडायचा, चादर रोज ओली. एकदा वळवताना बाबा कण्हले आणि माझे हातच थांबले. आई दारातून बघत होती, पण पुढे आली नाही. आता जमतं. पाठ कोरडी आहे, जखम नाही. दुपारी पेपर वाचून दाखवतो. मी चुकीचा उच्चार केला की भुवया वर जातात.

काल संध्याकाळी भरवता भरवता मी त्यांचं तोंड पुसत होतो. दोन-तीनदा ओठ हलले, घशात अडकलं, मग त्यांनी स्पष्ट हाक मारली, “मित्रा.” आजारपणानंतर पहिल्यांदाच कोणाचं नाव निघालं. आईनं मान फिरवली. मी म्हटलं, “हौ बाबा.”

त्यांनी डोळे मिटले, अन् घास घ्यायला तोंड उघडलं.

अभ्यास कर. आमची माया तिकडे येत राहील.

दादा