आपल्या घराची किल्ली

गाव्रिल,

गेटवर आणखी नक्षी कशाला कोरून घेतलीस? मी पाठवलेल्या पैशांतून घर बांधून अकरा वर्षं झाली, आणि तू अजून घरामागच्या स्वयंपाकघरातच झोपतोस. "आत जाऊ नका, फरशी मळेल," हे मीच सांगायचे. माझंच चुकलं.

इथे इटलीत मी जिचं सगळं करत होते ती म्हातारी परवा गेली. कपाटभर चांदी होती, पण शेवटी नुसता माझा हात धरून होती. चर्चमध्ये प्रभूच्या तसबिरीसमोर मेणबत्ती लावली, आणि वाटलं, हा दारात आला असता तर ह्यालाही मी मागच्या दारानेच ये म्हटलं असतं.

आपल्या गावातली आनुत्सा, तिचं घर जळल्यापासून, पोरांसह गोठ्यात राहते म्हणे. तिला आपल्या घराची किल्ली दे. गाव हसलं तर हसू दे.

मी बरी आहे, फक्त दमलेय. तू वेळेवर जेवतोस ना?

थंडी सुरू व्हायच्या आत, ऑक्टोबरातल्या संत दुमित्रूच्या सणापर्यंत किल्ली दिलीस की नाही, ते मला कळव.

तुझीच,
पारास्किवा