पिंपरावाचे डाग

५ फेब्रुवारी

मान फिरली! पिंपरावाची मान फिरली!

आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग मध्येच अडकून करकर करायला लागली. जावईबापूंनी घाईघाईने तार उपटली. पण फिरली! मी चहाचा कप धरून तशीच उभी. माझी नात, आमची खारूताई, उड्या मारत होती. आणि जावईबापू हसले. चक्क दात दिसले! वर्षभरात मी त्यांचे दात पाहिले नव्हते.

पिंपराव म्हणजे यंत्रमाणूस. टीव्हीवर एक मालिका लागायची, त्यात अवकाशयानावर ओझी वाहणारा हमाल होता, तो. माझी लेक लहानपणी त्याच्यापायी जेवणावरून उठायची. मोठी झाली, लग्न झालं, पोर झाली, पण वेड काही गेलं नाही. मागच्या खोलीत हुबेहूब तसाच, तेवढाच उभा करायला घेतला. माझ्या खांद्याला लागतो. पोट पाण्याच्या पिंपाचं, म्हणून नातीने नाव ठेवलं पिंपराव. खरं नाव काहीतरी लांबलचक आहे, माझी जीभ वळत नाही.

बाहेरून सगळा झाला होता. आतल्या तारा, मोटारी तेवढ्या राहिल्या. आणि लेक गेली.

जावईबापूंनी त्या खोलीला कुलूप घातलं ते घातलंच. गेल्या महिन्यात काढलं. का काढलं, विचारलं नाही. उघडलेल्या दाराला कारण विचारू नये.

मी तिसरीपर्यंत शिकलेली. चार ओळी लिहिल्या की बोटं आखडतात. पण आजचं सांगू कुणाला? जिला सांगायचं ती नाही. म्हणून इथे.

८ फेब्रुवारी

जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. माझा ग्रह अगदीच गरीब. चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. संध्याकाळी येतात, ताटात बघत जेवतात, "आई, छान झालंय" म्हणतात. काय झालंय ते विचारलं तर सांगता यायचं नाही!

पण नातीकडे बघत नाहीत. रागाने नाही. पोरीने तोंड आईचं उचललंय, नाकासकट. त्यांना बघवत नसेल. तिची वेणी मी घालते, डबा मी भरते, गोष्ट मी सांगते. सातव्या वर्षी पोरीला कळतं सगळं. बाबा आले की ही आवाज लहान करते.

त्यांच्या थोरल्या बहिणीचा फोन होता. खारूताईची आत्या. बाई मनाची चांगली, आवाज मात्र भोंग्यासारखा, शेजारच्या खोलीत मला शब्दन् शब्द ऐकू आला. "पोर माझ्याकडे पाठव. तुझ्याच्याने होत नाहीये. आणि सासूबाई तरी किती दिवस पुरणार?"

जावईबापू म्हणाले, "बरं."

एवढंच! परीक्षा झाली की मार्चअखेर येऊन घेऊन जाणार.

मी पुरणार नाही हे खरंच आहे. गुडघे वाजतात. पिंपरावाच्या सांध्यांना निदान तेल घालता येतं. पण पोरीची आई गेली, आता बापही सुटायचा? माझी सगळी भिस्त त्या पिंपावर. तिथे तो माणूस हसतो. परवा मानेला हसला, उद्या पोरीला हसेल.

१२ फेब्रुवारी

आज मी पिंपराव चालवला!!

चाकं बसवायला बसवाले आले होते. जन्मभर बस चालवली, आता घरी बसून तेही असेच पुतळे करतात. लेकीची आणि त्यांची त्यातूनच ओळख. त्यांनी रिमोट माझ्याच हातात दिला. दोन दांड्या. एक पुढे-मागे, एक वळायला.

"आजी, हळू... आजी, कपाट! आजी, ब्रेक!"

"अहो, ब्रेक कुठाय?"

"हात सोडा, तोच ब्रेक!"

मी हात सोडला, तर रिमोटच खाली पडला. पिंपराव कपाटावर धडकला आणि दोन्ही दिवे पेटवून उभा राहिला, जणू मीच त्याच्या वाटेत आले! बसवाले खुर्चीत बसून कपाळ पुसत म्हणाले, "घाटात बसच्या स्प्रिंगचे पाटे तुटले होते तेव्हासुद्धा एवढा घाबरलो नव्हतो."

जावईबापू पोट धरून हसले. मग पिंपरावाच्या पाठीचं झाकण उघडून आत डोकं घातलं, ते बराच वेळ काढलं नाही.

१३ फेब्रुवारी

दाराच्या चौकटीचा टवका उडाला. मी नाही. पिंपरावाने.

२२ फेब्रुवारी

जावईबापू काम करतात ते बघण्यासारखं. पिंपरावाला पुढून हात लावत नाहीत. सगळं पाठीमागून, झाकणातून. कापसाचे मोजे घालून. वाकडे होऊन होऊन कंबर धरली. मी म्हटलं, "पुढून घ्या की." तर म्हणाले, "नको." मळकट आहे म्हणून असेल. वर्षभर बंद खोलीत राहिलाय, अंगावर काय काय साचलंय. बगलेत काळं, गुडघ्यांवर तपकिरी, कोपरापासून खाली तेलाचा ओघळ. लेक माझी कामाची वाघीण, पण आवरायच्या नावाने पहिल्यापासून शंख! तिच्या फ्रॉकचे खिसे उलटे केले की अर्धं अंगण निघायचं.

आज दिवे लावायचं बटण त्यांनी खारूताईला दाबू दिलं. पोरीने श्वास रोखून दाबलं. दिवे लागले. जावईबापूंचा हात तिच्या डोक्याकडे गेला. हात तिथवर गेला आणि बाजूचा पाना घेऊन परत आला.

असू दे. गेला तर होता.

२ मार्च

खारूताई वेणी घालताना म्हणाली, "आजी, आत्याकडे पिंपराव येणार?"

"नाही गं."

"तू?"

दाताखाली रिबीन होती म्हणून बोलावं लागलं नाही.

१९ मार्च

आत्या पुढच्या शनिवारी येतेय.

मी ठरवलंय. घर असं लख्ख करायचं की बाईने दारातच म्हणावं, अरे, इथे तर सगळं नीट चाललंय, कशाला पोरीला हलवा? पडदे धुवायचे. खिडक्यांच्या काचा. भांड्यांचं कपाट. मी पुरते की नाही ते दाखवतेच तिला.

२१ मार्च

बोटं सोड्याने सुरकुतलीत तरी लिहिते. काय दिवस गेला!

जावईबापू दुकानात, खारूताई शाळेत. घर सगळं झालं. मग मागच्या खोलीत गेले. म्हटलं, पिंपराव, तुम्हीच तेवढे पारोसे! पाहुणी येणार आणि तुम्ही असे? बादलीत कोमट पाणी, साबण, मूठभर सोडा, जुना पंचा. आधी डोकं. मग खांदे. लेकीला न्हाऊ घालायचे तसंच, गप्पा मारत मारत. ती साबण डोळ्यात गेला की घर डोक्यावर घ्यायची. हे बापडे गप्प.

मळ तरी किती पटकन सुटावा! पंचा फिरवला की खालून पांढरा शुभ्र रंग. गुडघ्यांना जरा जोर लागला. तो तेलाचा ओघळ तर एका हातातच गेला. तीनदा पाणी बदललं. आता असा उभा आहे, नुकता दुकानातून आणल्यासारखा. दुपारचं ऊन पोटावर पडलं तर डोळे दिपतात!

जावईबापू येऊ देत. बघतच राहतील.

त्याच दिवशी, दिवेलागणीला

ते आले. दारातच थांबले. बघतच राहिले.

मग जमिनीवर बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"आई," म्हणाले, "ते डाग तिने केले होते."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. हमाल म्हणजे कामाचा गडी, तो मळकाच पाहिजे. मालिकेतलं चित्र थांबवून थांबवून ती बघायची, कुठे काय डागाळलंय. काजळी बोटाने लावायची. रंग पातळ करून ओतायचा, कापसाने टिपायचा. त्या कोपराच्या ओघळावर किती संध्याकाळी बसली होती. तिचं शेवटचं काम तेच. वरून पारदर्शक रोगण मारायचं राहिलं, मारलं असतं तर पक्कं झालं असतं. ते मारायला जावईबापूंचा हात धजला नाही. ब्रशनेच काही पुसलं गेलं तर?

म्हणून पाठीमागून काम. म्हणून मोजे.

मी म्हटलं, "मला काय माहीत हो... मी तेव्हा माझ्या घरी होते..." म्हणाले, "तुमची काय चूक, आई." म्हणाले नसते तर बरं.

खारूताई दारात उभी होती. तिने पिंपरावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आजी, तू आईला पुसलंस."

२२ मार्च

पाणी अंगणाच्या कोपऱ्यात ओतलं होतं. सकाळी जाऊन पाहिलं. सुकलं होतं.

२४ मार्च

बसवाले आले. तेसुद्धा दारात थबकलेच, पण सावरून म्हणाले, "त्यात काय! मालिका आहे, फोटो आहेत. पुन्हा करू. मी लिहून देतो, एका आठवड्यात असा मळवतो की ओळखू येणार नाही."

"डाग येतील हो," जावईबापू म्हणाले. "तिचे नाही येणार."

बसवाल्यांनी चहा अर्धाच घेतला.

जावईबापू आता मागच्या खोलीत जात नाहीत. दुकानातून आले की पुढच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडतात. आम्ही पुन्हा गेल्या वर्षात गेलो. मीच नेलं. एवढी वर्षं ज्या घरात पाय ठेवला ते पुसून काढलं, तेवढंच तर येतं मला. मळवायला कोण शिकवतं बाईला?

लेकी, तुझ्या हातचं एकच राहिलं होतं गं.

२६ मार्च

खारूताई घरात सापडेना. मागच्या खोलीत होती, पिंपरावाच्या चाकांपाशी. आईची काजळीची डबी उघडी. दोन्ही हात कोपरांपर्यंत काळे, गळा काळा, गुडघे काळे. पिंपरावाला मात्र एक बोट लावलेलं नाही.

"अगं बाई, हे काय? त्याला लावायचीस तर स्वतःला काय फासलंस?"

म्हणाली, "त्याला लावली तर तू परत पुसशील. माझ्यावर ठेवते."

मी तिथेच मेले.

अंघोळ नको म्हणते. हात धुवायचे नाहीत. चमच्याने जेवते. मी जवळ गेले की कोपरं पोटाशी घेते. मला भिते आहे पोर. मला!

२८ मार्च

शनिवार. आत्या आली. घर लख्ख. पडदे, काचा, कपाट, काही काही बघितलं नाही तिने. पोरीला बघितलं.

"अगं माझे आई! हे काय ध्यान करून ठेवलंय लेकराचं? सासूबाई, तुम्ही असताना?"

बॅग भरलेली होती, मीच भरली होती. आत्याने पदर खोचला, पोरीचं मनगट धरलं, निघाली बाथरूमकडे. तिचं तरी काय चुकलं? कोणीही हेच करेल. मी हेच केलं.

खारूताई ओरडली. असं ओरडताना मी तिला कधीच ऐकलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही. "नको, नको, ती आईची आहे, धुतली की जाते! बाबा! बाबा!"

बाबा म्हणून हाक मारली. वर्षानंतर, मोठ्या आवाजात.

जावईबापू भिंतीकडून वळले. उठले. बहिणीच्या हातातून पोरीचा हात सोडवून घेतला. खाली बसले, तिच्या तोंडासमोर तोंड. बघितलं तिच्याकडे. नीट बघितलं, काच उजेडात धरून बघतात तसं.

"ताई, तू चहा घे," म्हणाले. "हिला मी अंघोळ घालतो."

दार लागलं. आम्ही दोघी बाहेर. आत नळ सुरू झाला. पोर हुंदके देत काहीतरी विचारत होती, ते हळू काहीतरी सांगत होते. मग तेही रडायला लागले. मग बराच वेळ नुसतं पाणी.

चहा उतू गेला. आत्या म्हणाली, "राहू द्या, मी पुसते."

३० मार्च

आत्या सकाळच्या गाडीने गेली. एकटीच.

परवा लिहायचं राहिलं. बाथरूममधून खारूताई बापाच्या कडेवर बाहेर आली, डोक्यापासून पायापर्यंत लखलखीत. कोपराच्या आतल्या बाजूला मात्र काजळीचा एक डाग तसाच. मी सवयीने टॉवेलाचं टोक ओलं केलं आणि पुढे झाले. दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं.

टॉवेल खांद्यावर टाकला आणि दूध तापवायला गेले.